धूळ कोणाच्या छातींत जाते?

(मालवण तालुक्यांतील एका वाडीच्या बैठकींत केलेलें भाषण)



शिमगा झाला, काजूचा हंगाम सरत आला, आणि मिरग लागण्याआधीं घर झाडूनपुसून घेण्याचे दिवस आले. जांभ्याच्या वाटेवरून एक मोटार गेली कीं तांबडी धूळ खळ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पोंचते. जांभ्यांत लोखंडाचा गंज असतो, म्हणून ती तांबडी. कौलांच्या फटींतून ती माळ्यावर बसते, चुलीच्या काजळीशीं मिळते आणि वर्षभर तेथेंच राहते. ज्यांनीं स्लॅबचीं घरें बांधलीं त्यांनीं पंख्याच्या पात्यावर बोट फिरवून पाहावें.

हें काम आपल्याकडे कोण करतें? घरधनी बाजारांत जातो, आणि घरची बाई डोक्याला फडकें बांधून एकटी माळ्यावर चढते. आमच्या घरींही असेंच चालत आलें होतें. दोन वर्षांमागें आमच्या काकीनें एका दिवसांत सगळा माळा झाडला. सुकी केरसुणी, भाताचा कोंडा, उंदरांच्या लेंड्या, आणि वर कौलें तापलेलीं. त्या रात्रीं तिला श्वास घेतां येईना. डॉक्टरांनीं विचारलें, "झाडण्याआधीं पाणी शिंपडलें होतें का?" आम्ही गप्प राहिलों, कारण झाडते वेळीं आम्ही घरींच नव्हतों. काकी आतां बरी आहे, पण पाण्याची कळशी आणतांना अजून मध्येंच थांबते.

सन २०१६ सालीं सरकारच्या ग्रामीण स्वच्छता पाहणींत आपला सिंधुदुर्ग जिल्हा सपाट प्रदेशांत देशांत पहिला आला. (आपल्या घाटउतारांना सपाट कोणीं ठरविलें, देव जाणे!) त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या पाहणींत शौचालयें व घराभोंवतालचा परिसर पाहिला गेला. माळ्यावर कोणी चढलें नव्हतें.

या कामाला पंचांग पाहण्याचें कारण नाहीं, वारा पाहावा. रापणकर बंधूंना हें सांगावयास नको. पहांटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. ऊन चढलें कीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. म्हणून झाडणें पहांटे आरंभून ऊन चढण्याच्या आंत उरकावें, आणि पूर्वेकडून पश्चिमेच्या दाराकडे यावें. दुपारीं झाडणारा बाहेर टाकलेली धूळ परत घरांत घेतो.

दुसरें, सुका केर उडवूं नये. आधीं गोधड्या, चटया, कणगी खळ्यांत उन्हांत काढाव्या. माळ्याचीं दोनचार कौलें सरकवावीं, म्हणजे उजेड येतो आणि कोंदटपणा जातो. कोळिष्टकें काढण्यास बांबूला ओला फडका बांधावा. नाकातोंडावर ओलें फडकें असावें. उंदरांच्या लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचें पाणी शिंपडून थोडा वेळ थांबावें, हातांत पिशवी घालून मग त्या ओल्या फडक्यानें उचलाव्या. उंदराच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्याचिखलांतून लेप्टोचा ताप येतो, आणि हा ताप आपल्या जिल्ह्यानें भोगला आहे. माळ्यावर पोसलेला उंदीर पावसाळ्यांत आपल्याच खळ्यांत, आपल्याच शेतांत हिंडतो. माळा झाला कीं भिंती, आणि जमिनीचें सारवण सर्वांत शेवटीं. उलट केलें तर सारवण फुकट जातें.

कारागीर बंधूंना एक वेगळें सांगणें आहे. सुताराचा भुसा, कुंभाराची सुकी माती हीं घरांतच असतात, तेथें तर रोज पाणी शिंपडावें. कणकवलीकडे कासार्डे-पियाळीला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ती बारीक धूळ वर्षानुवर्षें फुप्फुसांत सांचली कीं होणारा रोग बरा होत नाहीं. खाणीवरून येणाऱ्यानें कपडे बाहेरच उतरवून पाण्यांत बुडवावे. ते बाईनें आपटून झटकले तर खाणीवर न जातांही तिच्या छातींत खाण जाते.

कोणी म्हणेल, केरसुणी धरणें पुरुषाला शोभत नाहीं. गाडगेबाबा १९५६ सालीं वारले, तोंवर गांवोगांवीं दिवसा झाडीत होते आणि रात्रीं कीर्तन करीत होते. त्यांच्या पायां पडावयास पुरुषच पुढें असत.

येत्या रविवारीं पहांटे आमच्या काकीच्या घरापासून आरंभ करूं. वर पुरुषांनीं चढावयाचें, मुलांनीं पाणी आणावयाचें. आमच्यापाशीं शिडी एकच आहे. ज्यांच्याकडे दुसरी असेल त्यांनीं शनिवारींच आणून ठेवावी.