डोंगर निवडताना

पांढुर्णा व सौंसर या दोन तालुक्यांचा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या या मुलखाच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. अंगाची कसोटी पाहणारा डोंगर हवा, तर कोणता निवडावा?

केवळ उंचीवरून निवड करू नये. धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर, सुमारे १,३५० मीटर. परंतु तेथे माथ्यापर्यंत मोटार जाते. पश्चिम कॅनडातील रेव्हलस्टोक येथे फळीवरून बर्फात घसरणारे लोक १,७१३ मीटरचा उतार पाहून जागा ठरवितात. पण वर नेण्यास तेथे विजेचा पाळणा असतो. आपल्याकडे चढही आपणच चढावयाचा!

म्हणून थकवा केव्हा येणार, हे आधी पाहावे. चौरागडला हजाराहून अधिक पायऱ्या जातानाच चढाव्या लागतात. दम संपला तर मागे फिरता येते. तामियाजवळच्या पाताळकोटात उलटे आहे. पायवाटेने उतरताना सारे सोपे वाटते आणि उभा चढ दमलेल्या पायांच्या वाट्यास येतो. नागद्वारीची वाट नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवसच खुली असते. तेव्हा ऐन पावसात दगड निसरडे होतात.

तेव्हा प्रथम चौरागड, मग पाताळकोट आणि पाय मुरल्यावर नागद्वारी, हा क्रम बरा. मात्र निवड करावी ती सर्वांत मागे राहणाऱ्या सोबत्याकडे पाहून. सारे एकत्र घरी परतले, तरच सहल साधली असे म्हणावे.