बाल्कनीतला धबधबा

मागच्या रविवारी ताईकडे गेलो होतो. पाचवीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, पावसाळ्यात एवढा मोठा असणारा ठोसेघरचा धबधबा उन्हाळ्यात जातो कुठे?"

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. आधी वाटलं, लॅपटॉपवर अ‍ॅनिमेशन करून दाखवावं. मग म्हटलं, नको, हात ओले करूनच बघू.

सामान घरातलंच. एक लांब ट्रे, एका टोकाखाली दोन विटा. ट्रेच्या डाव्या अर्ध्या भागात भांडी घासायचे नवे स्पंज, उजवीकडे फरशीचा तुकडा. मधे मातीच्या गोळ्यांचा बांध, खालच्या टोकाला दोन वाट्या. झाकणाला भोकं पाडलेली बाटली म्हणजे ढग. फरशी म्हणजे आपल्या सह्याद्रीचा उघडा कातळ. स्पंज म्हणजे माती, मुळं, पालापाचोळा.

पहिला ग्लास म्हणजे जून. फरशीवरचं पाणी लगेच वाटीत. स्पंजाकडून दोन-चार थेंब. दुसरा, तिसरा ग्लास ओतला, स्पंज फुगले. मग आला जुलै. पाऊस तेवढाच, पण आता स्पंजाकडूनही जवळपास सगळं पाणी धो धो खाली! भाचा म्हणाला, "पोट भरलं त्याचं."

मग बाटली बाजूला ठेवली. फरशीची धार लगेच तुटली. स्पंज मात्र चहा पिऊन होईपर्यंत ठिबकत होता. हा आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस गेल्यावरही धबधब्याला जी बारीक धार असते, ती अशी जमिनीत मुरलेल्या पाण्याची. दोन स्पंज काढून पुन्हा केलं, तर ठिबकणं लवकर थांबलं. डोंगरावरची माती वाहून गेली की काय होतं, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आता खरी गोष्ट. ओल्या स्पंजांच्या खालच्या टोकाला मी पेनाचं टोपण उभं केलं आणि पाणी फक्त वरच्या टोकाला ओतलं. थोडा वेळ काहीच नाही. मग टोपण आडवं झालं आणि वाटीत पडलं.

"मामा, पण टोपणावर तर पाऊसच नव्हता!"

मी गप्प झालो. कॉलेजात असताना जुलैमध्ये आम्ही चार मित्र असेच एका ओढ्यात उभे होतो. पाणी घोट्यापर्यंत, डोक्यावर ऊन. पाऊस वर पठारावर पडत होता, आम्हाला दिसत नव्हता. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या. एक मित्र ओरडला, "बाहेर पडा!" आम्ही काठावर चढलो आणि बघता बघता पाणी कमरेएवढं झालं. आम्ही हुशार नव्हतो, नशीबवान होतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल.

म्हणून या पावसाळ्यात एवढंच लक्षात ठेवा. पाण्याचा रंग बदलला, पानं-काटक्या यायला लागल्या, आवाज वाढला, की रील अर्धवट सोडायची आणि काठावर यायचं. तिकडूनच नाही, तर उंचावर. धबधबा बघायचा तो बाहेरून.

आणि हो, प्रयोग घरी करून बघा. फक्त खाली फडकं ठेवा. ताई अजून बाल्कनी पुसतेय!

भेटू पुढच्या भागात.