किराण्याची वही



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असते. मी आज वाणसामानाविषयी बोलणार आहे. माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उच्च शिक्षणाचे महत्त्व चांगल्या शब्दांत सांगितले. ते आपणा सर्वांना पटलेलेच आहे. परंतु जूनमध्ये प्रवेश घ्यायची वेळ आली की पैसे कोठे जातात, हा प्रश्न उरतोच. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. घरात आम्ही पाच माणसे आहोत आणि पगार ठरलेला आहे. जे सांगतो ते घरातल्या एका वहीवरून सांगतो.

प्रथम दुसऱ्या एका वहीची हकीकत सांगितली पाहिजे. माझे वडील आखातात वेल्डर होते. दर महिन्याला बँकेचा ड्राफ्ट यायचा. कधी वेळेवर, कधी पंधरा-वीस दिवस उशिरा. गावातल्या दुकानात आमचे खाते होते. आई आम्हा भावंडांपैकी कोणाला तरी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही देऊन पाठवी, दुकानदार सामान देई आणि वहीत रक्कम लिही. पैसे द्यायचे नसल्याने आम्हा मुलांना तो एक प्रकारचा खेळच वाटे. २००३ साली माझी मोठी बहीण दहावी उत्तीर्ण झाली. अकरावीसाठी तालुक्याच्या गावी जावे लागणार होते. त्यासाठी वडिलांनी सुट्टीवर येताना पैसे बाजूला ठेवून आणले होते. ते आले आणि चौथ्या दिवशी खात्याची बेरीज झाली. बाकी निघाली ७,४०० रुपये. वडिलांनी ती त्याच दिवशी फेडली, कारण देणे ठेवून परत जाणे त्यांना मंजूर नव्हते. आपाला ते म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू, बेटा.” पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरले.

अनेक वर्षे मी मनात दुकानदाराला दोष देत होतो. बी. एड. करीत असताना जुन्या पेटीत त्या वह्या सापडल्या आणि एका सुट्टीत मी सगळ्या बेरजा पुन्हा करून पाहिल्या. दोन-तीन किरकोळ चुका सोडल्या तर हिशेब बरोबर होता. त्या गृहस्थांनी आम्हाला फसवलेले नव्हते. मग सात हजार रुपये कोठे गेले? त्यासाठी एक महिना मी रकाने पाडून मांडला. एकूण खर्च ११८६ रुपये. त्यात डाळ, तेल, साखर, पीठ, मीठ, मसाला मिळून ६३२ रुपये. तांदूळ घरचा होता. उरलेले ५५४ रुपये निव्वळ छोट्या नोंदींचे होते. चहाची पुडी, बिस्किटाचा पुडा, खारी, टोस्ट, पाहुणे आले म्हणून थंड पेयाच्या बाटल्या, पुन्हा चहाची पुडी. त्या एका महिन्यात चहाची पुडी २६ वेळा आणली होती. पाव किलोचा पुडा एकदा आणला असता तर निदान तिसरा हिस्सा पैसे वाचले असते. आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक नोंदींपुढे वजनही नव्हते आणि भावही नव्हता. “साखर १४” एवढेच. मग साखर महाग झाली की आमचे खाणे वाढले, हे आईला कळणार तरी कसे?

वाचकहो, उधारीचे खरे नुकसान येथे आहे. व्याज कोणी लावीत नाही. परंतु ज्याची बाकी आहे तो मनुष्य भाव विचारीत नाही. तागडीकडे पाहत नाही. डाळीत किडे निघाले तरी ती परत न्यायला संकोचतो. शेजारच्या गावात दोन रुपये स्वस्त मिळते हे ठाऊक असूनही तो तिकडे जाऊ शकत नाही. दुकानदाराची बाजूही मी जाणतो. ड्राफ्ट अडकला तेव्हा त्यानेच आमची चूल पेटती ठेवली. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या भागातल्या किती घरांना अशाच दुकानांनी सांभाळले, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. तेव्हा खाते तोडायचे ते भांडून नव्हे. त्याला स्पष्ट सांगावे की जुनी बाकी दरमहा अमुक रकमेने फेडीन आणि या महिन्यापासून नवा माल रोखीने घेईन. बहुतेक दुकानदारांना हे आवडते. रोख पैसा त्यालाही हवाच असतो.

आता आमच्या घरच्या वहीकडे येतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी आणि माझ्या पत्नीने ती सुरू केली. खरे सांगायचे तर मी सुरू केली आणि तिने चालवली. माझी पद्धत आठ दिवसांत मोडली होती. मी रोज सर्व खर्च लिहायला सांगत होतो आणि तसे रोज लिहिणे कोणत्याही गृहिणीला शक्य नसते. तिने सोपा उपाय काढला. तेलाची पिशवी, साखर, चहा, डाळ, साबण यांपैकी जे काही फोडायचे त्या दिवशी डब्याच्या झाकणावर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर तारीख घालायची. संपले की तारीख वहीत उतरवायची. एवढेच. तीन महिन्यांत आम्हाला कळले की आमच्या पाच माणसांना तेल सव्वाचार लिटर लागते. आमचा समज तीन लिटरचा होता. तीन लिटर म्हणजे माणशी दिवसाला २० मिलिलिटर. जास्तीचे तेल कशात जात होते? सायंकाळच्या तळणात. आज आम्ही साडेतीन लिटरवर आहोत आणि घरात कोणाची तक्रार नाही. (माझी थोडी आहे, पण ती मी वहीत लिहीत नाही.)

मागणी किती ते कळल्यावर यादी करणे सोपे जाते. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा टिकाऊ सामान भरायचे, तेही रोखीने आणि कागदावरची यादी हातात घेऊन. भाजी, दूध, मासळी, अंडी यांचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवायचे. हल्ली फोनवरून पैसे देण्याची सोय झाली आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु माझा अनुभव असा की पाकिटातली शंभराची नोट मोडताना हात थांबतो, फोनवर तो थांबत नाही. म्हणून रोजच्या खर्चासाठी आम्ही नोटाच वापरतो.

मुलांच्या खाऊकडे लक्ष द्या. पाच रुपयांचा पुडा क्षुल्लक वाटतो. दोन मुलांना रोज एकेक दिला तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये होतात. केंद्र शासनाच्या सांख्यिकी खात्याने ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात देशभर घरखर्चाची पाहणी केली. तिच्यात असे आढळले की ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खाण्यापिण्यावर जातो. परंतु त्यात धान्यावरचा खर्च, फुकट मिळालेल्या रेशनचे मूल्य न धरता, ५ टक्क्यांच्या आत आणि पेये, फराळ, तयार खाद्यपदार्थ यांवरचा साडेनऊ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आमच्या लाल वहीत जे दिसले तेच देशाच्या वहीत दिसते. पोट भरायला जेवढे लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे आपण तोंड चाळवण्यावर घालवतो. घरचे कुळीथ, शेंगदाणे, पोहे, उकडलेले अंडे हा काही गरिबांचा खाऊ नव्हे. मी तर म्हणेन की वर्गात दुसऱ्या तासाला कोणाचे पोट भरलेले आहे ते शिक्षकाला चेहऱ्यावरून कळते.

पाकिटांबाबत दोन शब्द. वजन वाचल्याशिवाय पाकीट उचलू नका. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. शेजारी तेवढीच दिसणारी पिशवी कमी वजनाची असू शकते आणि तिची किंमत कमी पाहून आपण ती आनंदाने घेतो. पाकिटावर किलोचा किंवा ग्रॅमचा भाव छापण्याचा नियम आता झालेला आहे, तो बारीक अक्षरात का होईना, शोधावा. दुसरे असे की १८ जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर, डाळीवर, पिठावर ५ टक्के कर आहे. तोच माल पोत्यातून सुटा तोलून घेतला तर नाही. सुटा माल निवडावा लागतो, हे मात्र खरे. मोठ्या शहरातल्या दुकानांच्या सवलतींविषयी मला फार बोलायचे नाही. जाण्यायेण्याचे भाडे आणि यादीबाहेरच्या चार वस्तू धरून आम्ही एकदा हिशेब केला आणि पुन्हा गेलो नाही.

ज्यांच्याकडे प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे त्यांना जानेवारी २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य विनामूल्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. ते घेण्यात काही घरांना कमीपणा वाटतो. तो का वाटावा हे मला समजत नाही.

परंतु माझ्या मते घरखर्चाचे गणित साध्या महिन्यात बिघडत नाही. ते बिघडते आगोटीला आणि रमजानमध्ये. आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वी घर भरावे लागते. वर्षाची मिरची आणि मसाला, कांद्याच्या माळा, कोकम, कडधान्य, सोडे, सुकट, बोंबील. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळीच उपयोगी पडते. ही खरेदी शहाणपणाची आहे. मे महिन्यात घेतलेला कांदा दिवाळीच्या सुमाराच्या भाववाढीतून आपल्याला सोडवतो. मात्र एवढे पैसे एका महिन्याच्या मिळकतीतून निघत नाहीत आणि मग लाल वही बाहेर येते. त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षी तो मे महिन्यातच सुरू झाला. आगोट, इफ्तारची फळे-खजूर, ईदचे कपडे आणि जूनमधली पुस्तके-गणवेश असे चारही खर्च अंगावर एकदमच आले. त्या तीन वर्षांत माझ्या वर्गातल्या किती मुलांनी पाठ्यपुस्तके ऑगस्टमध्ये आणली, ते मला आठवते.

आमच्या घरी आम्ही आगोट आणि रमजान या दोहोंचा मागच्या वर्षीचा जादा खर्च वहीतून काढतो आणि त्याचे बारा भाग करतो. तो १२,००० झाला असेल तर दरमहा १,००० रुपये टपाल खात्याच्या बचतीत. हा आकडा किराण्याच्या यादीत साखरेच्या वर, पहिल्या क्रमांकाला लिहिलेला असतो. इफ्तारसाठी बेसन, तेल, खजूर आम्ही महिनाभर आधी घेतो. तळलेले पदार्थ आठवड्यातून दोनदा. पहिल्या वर्षी आईला हे रुचले नव्हते. “रोजा सोडताना भजी नाहीत?” असे तिने विचारले होते. आता तीच म्हणते की रात्री पोट हलके राहते.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. खर्च कमी करायचा म्हटले की पुष्कळ घरांत सर्वांत आधी घरातल्या बाईचे ताट कमी होते. ती शेवटी जेवते, मासळीचा तुकडा राहिला तर खाते, दूध तर घेतच नाही. मुलीच्या वाट्याचे अंडे मुलाला जाते. डाळ, दूध, अंडी, पालेभाजी यांना हात लावू नये. वहीत कोणाच्या ताटात काय पडले याचा रकाना नसतो, म्हणून तेवढे पुरुषांनी स्वतः जेवताना पाहावे.

आपा आता तालुक्याच्या गावीच राहते. गेल्या वर्षी तिच्या मुलीने आपल्याच संस्थेत अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. प्रवेशाच्या दिवशी ती कार्यालयात आली, पिशवीतून पाकीट काढले आणि पैसे मोजून दिले. पाकिटावर “आगोट” असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा म्हणाली, “या वर्षी मसाला अर्धाच केला.” मला ते पटले नाही आणि मी तसे तिला सांगितले. दोन वेगळी पाकिटे हवीत. या वर्षापासून तिने दुसरे केले आहे.

शंभर पानी वही कोठेही मिळते. एक तारखेपासून सुरुवात करा. पहिले तीन महिने काटकसर करू नका, फक्त तारखा लिहा. ज्या भगिनींना बेरीज-भागाकार अडतो त्यांनी वही मुलाच्या हाती शाळेत पाठवावी किंवा शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतः यावे. मी त्या दिवशी एक वाजेपर्यंत शिक्षक-खोलीत असतो.