तिजोरीवरील अंक आणि शाळेचे दप्तर
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेच्या दप्तरातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिल्लक रोकड नव्हे, तर जनरल रजिस्टर होय. रोकड गेली तर ती भरून काढता येते. परंतु इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी एखाद्या कुटुंबाकडून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा आजोबांच्या नावापुढील एका ओळीवर नातवाचे शिक्षण अवलंबून असते. त्या ओळीची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली, तेव्हा अनेक विभागांच्या फायली जळून गेल्या. मग खेड्यातील एका खोलीच्या कार्यालयाने निर्धास्त राहावे काय?

पुष्कळ शाळांत हे रजिस्टर पत्र्याच्या कपाटात असते. लोखंड जळत नाही, म्हणून आतील कागदही जळणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. तव्यावरील भाकरीला ज्वाळेचा स्पर्श होत नाही, तरीही दुर्लक्ष झाल्यास ती करपते. पत्रा उष्णता अडवीत नाही. तो ती आत पोहोचवितो.

आगीपासून रक्षण करणाऱ्या तिजोरीची रचना निराळी असते. तिच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक पदार्थांचा जाड थर भरलेला असतो व त्या थरात पाणी बद्ध स्वरूपात असते. आग लागली की त्या पाण्याची वाफ होऊ लागते आणि उष्णतेचा मोठा भाग त्या कामी खर्च होतो. भांड्यात पाणी आहे तोवर आतील बटाटे करपत नाहीत, तसाच हा प्रकार. पाणी संपले की संरक्षणही संपते. म्हणूनच तिजोरीची अग्निरोधक शक्ती नेहमी तासांत किंवा मिनिटांत सांगतात. ‘कधीही न जळणारी’ अशी तिजोरी अस्तित्वात नाही. आणि एकदा आगीत सापडलेली तिजोरी पुन्हा त्या कामाची राहत नाही.

अमेरिकेतील ‘यू. एल. ७२’ या मानकात ‘वर्ग ३५०, एक तास’ असे चिन्ह असते. त्याचा अर्थ असा की, चाचणीची भट्टी तासाभरात सुमारे ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, तरी तिजोरीच्या आतील उष्णतामान ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही. तेवढी उष्णता कागद सोसतो. संगणकाच्या चुंबकीय डिस्क मात्र ती सोसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘वर्ग १२५’ आहे. त्यात मर्यादा सुमारे ५२ अंश सेल्सिअस असून आतील दमटपणावरही बंधन आहे. कागदासाठी योग्य असलेल्या तिजोरीत डिस्क ठेवली, तर आगीनंतर रजिस्टर हाती येईल आणि डिस्क निकामी झालेली असेल. युरोपीय मानकातील ‘एस ६० पी’ या चिन्हात ६० म्हणजे मिनिटे व ‘पी’ म्हणजे कागद.

चोरापासून रक्षण हा गुण याहून सर्वस्वी वेगळा आहे व त्याची चाचणीही वेगळी होते. ‘टीएल-१५’ या अमेरिकन चिन्हाचा अर्थ असा की, तरबेज परीक्षकांनी हत्यारे चालवूनही तिजोरीचे दार १५ मिनिटे दाद देत नाही. आणि हत्यार प्रत्यक्ष चालू असते तेवढाच वेळ मोजला जातो. युरोपात यासाठी श्रेणी ठरविल्या आहेत. भारतात तिजोऱ्यांसाठी ‘आय. एस. ५५०’ हे मानक आहे. अग्निरोधक पेटीचा पत्रा अनेकदा पातळ असतो व पहारीपुढे तो टिकत नाही. उलट, केवळ जाड पोलादाची तिजोरी चोरास अडवील, परंतु आतील कागद भाजून काढील. म्हणून खरेदीच्या वेळी दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत: आगीत किती वेळ, व कोणत्या वस्तूसाठी? चोरापुढे कोणती श्रेणी? मानकाचे नाव व अंक नसलेला ‘फायरप्रूफ’ हा शब्द केवळ जाहिरात समजावा.

तिजोरी आली म्हणजे काळजी मिटली, असे नाही. ती स्वयंपाकखोली व गॅस सिलिंडर यांपासून दूर ठेवावी आणि जमिनीस किंवा भिंतीस पक्की बसवून घ्यावी. तिच्या थरातील ओलाव्यामुळे आत दमटपणा साचतो. यास्तव ती अधूनमधून उघडून हवा लागू द्यावी, अन्यथा आगीतून वाचणारे रजिस्टर बुरशीने जाईल. आग विझल्यावर घाई करून दार उघडू नये. तिजोरी पूर्ण थंड होऊ द्यावी. कारण तापलेल्या कागदास एकाएकी हवा मिळाली, तर तो तेथेच पेट घेऊ शकतो.

अशी तिजोरी घेण्याची ऐपत प्रत्येक शाळेची नसते. तेथे, आणि जेथे ऐपत आहे तेथेही, पहिले काम प्रत काढण्याचे आहे. वरिष्ठांच्या अनुमतीने जुन्या रजिस्टरांच्या पानापानाची छायाप्रत काढावी, ती मूळ पानाशी ताडून पाहावी आणि शाळेच्या इमारतीत न ठेवता केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात ठेवावी. जी रजिस्टरे सर्वांत जुनी आणि जीर्ण आहेत, त्यांपासून आरंभ करावा. या कामास तिजोरीइतका पैसा लागत नाही. शिक्षकाचे काही दिवस मात्र लागतात.