फेरी, उचल आणि तातडीची पेटी
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



गणरायासमोर बोलायला आपण एरवी कीर्तनकार बोलावता, प्राध्यापक बोलावता. यंदा टेम्पोवाल्यांना बोलावलंत, त्याबद्दल आधी आभार मानतो. कार्यकर्त्यांनी सांगितलं, "तुमच्या धंद्याचंच काहीतरी बोला." म्हणून आम्ही दोघे भाऊ रोज जे करतो आणि ज्यात एकदा मोठी चूक केली, तेच सांगणार आहोत.

आमच्या घरात ट्रक आला तो खाणीमुळे. वडिलांचा टिपर डिचोलीच्या बाजूला माती वाहायचा. त्या धंद्यात आखणी म्हणून काही नव्हती. खाणीवर भरायचं, जेटीवर ओतायचं आणि परत फिरायचं. दिवसाला खेपा किती झाल्या, एवढाच हिशेब. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोडा काळ सुरू झाल्या, पण २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबलं. डिचोली-सत्तरीत दारोदार टिपर उभे होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. आम्ही पहिल्याच बंदीनंतर टिपर विकला, बंद बॉडीचे दोन टेम्पो घेतले आणि धारगळला महामार्गालगत छोटं गोडाऊन भाड्याने घेतलं.

धारगळ का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला कोलवाळचा पूल ओलांडला की थिवी आणि म्हापसा. पश्चिमेला तुयेची औद्योगिक वसाहत. थिवी-अस्नोड्यावरून डिचोली. उत्तरेला पेडणे, पत्रादेवी आणि पलीकडे बांदा, सावंतवाडी. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याचा रस्ताही धारगळलाच महामार्गाला मिळतो. चार बाजूंनी थोडा थोडा माल गोळा करून रात्रीच्या मोठ्या गाडीत भरायला ही जागा सोयीची.

पण इथेच आमची खाणीची सवय आड आली. पाच ठिकाणांहून माल उचलायचा तर आधी कुठे जायचं आणि नंतर कुठे? पाच ठिकाणं १२० वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात. आठ झाली की ४०,३२०. दहा झाली की ३६ लाखांच्या वर. हे कोडं जगातल्या मोठमोठ्या गणितज्ञांना पडलेलं आहे. १९५९ साली डँटझिग आणि रॅमसर या दोघांनी पेट्रोलपंपांना तेल पोचवणाऱ्या टँकरांवर यासंबंधी लेख लिहिला. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यावर एक सोपी रीत दिली, ती आपल्या वहीतही बसते. समजा, एक कारखाना गोडाऊनपासून २५ किलोमीटरवर आणि दुसरा १२ वर. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर ५० आणि २४ मिळून ७४ किलोमीटर होतात. दोघांमधलं अंतर १५ असेल तर एकाच फेरीत २५, १५ आणि १२ मिळून ५२. म्हणजे २२ किलोमीटर वाचले. कोणती जोडी जास्त वाचवते ते बघत जायचं आणि फेरी बांधायची.

आम्ही ही रीत शिकलो आणि फार खूश झालो. डिझेल वाचायला लागलं. पुढे काय झालं ते ऐका.

श्रावणातला दिवस होता. म्हापशाच्या एका औषधवाल्याने दुपारी अडीचला एक पेटी दिली. आत थंड ठेवायची औषधं होती, भोवती बर्फाच्या पिशव्या. सावंतवाडीकडच्या एका रुग्णालयात रात्री आठपर्यंत पोचायला हवी होती. आम्ही म्हटलं, टेम्पो म्हापशाहून थिवीला जातोच आहे, तिथून डिचोली, सहाला धारगळ. साडेसहाला पुण्याची गाडी निघते, ती वाटेत सावंतवाडीला पेटी देईल. कागदावर सगळं बसत होतं आणि किलोमीटरही सर्वांत कमी होते.

डिचोलीच्या पार्टीचा माल तयार नव्हता. पावणेपाचला आमचे चालक मामा यांचा फोन आला, "शेट, माल अजून पॅक व्हायचाय. निघू का?"

आम्ही म्हटलं, "थांबा मामा, जुनी पार्टी आहे."

अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि ती औषधाची पेटी?"

आम्ही म्हटलं, "होईल, होईल."

मामा पावणेदोन तास थांबले. वर अस्नोड्याच्या वाटेवर धुवाधार पाऊस. धारगळला यायला आठ वाजले. पेटी पहिली चढली होती, म्हणजे टेम्पोच्या अगदी आत, सगळ्या पोत्यांच्या मागे. ती काढायला पूर्ण टेम्पो खाली करावा लागला. सावंतवाडीला पोचली तेव्हा रात्रीचे दहा झाले होते. बर्फाचं पाणी झालं होतं. रुग्णालयाने पेटी घेतली नाही आणि ते बरोबरच होतं. ज्या रुग्णासाठी औषध होतं त्याचा उपचार एक दिवस लांबला. नंतर तो बरा झाला असं कळलं, पण त्यात आमचं काही श्रेय नाही.

दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. आम्हाला वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पेटी तुमच्या गाडीत पहिली चढली आणि शेवटी उतरली. म्हापशाहून सरळ नेली असती तर दीड तासाचं काम होतं." आम्ही पेटीचे पैसे भरून दिले. ज्या २२ किलोमीटरच्या बचतीवर खूश होतो, तिची ही किंमत.

मामांना आम्ही माफी मागितली ती चार दिवसांनी. ती त्याच दिवशी मागायला हवी होती. गाडीत बसलेल्या माणसाला पेटी दिसत होती, ऑफिसात बसलेल्या आम्हाला फक्त जुनी पार्टी दिसत होती.

त्यानंतर आम्ही फेरी आखायची पद्धत उलटी केली. आता आधी शेवटची वेळ लिहितो: रात्रीची गाडी कधी सुटणार. तिथून मागे मागे येत प्रत्येक ठिकाणी किती वाजता असायला हवं ते ठरवतो. अंतर सगळ्यात शेवटी बघतो. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करत आले आहेत. लोकल कुणासाठी थांबत नाही, म्हणून घरचा डबा ठरल्या वेळी तयार नसेल तर डबेवाला पुढच्या घरी जातो. एका डब्यासाठी बाकीच्यांना उपाशी ठेवत नाही. आम्हीही पार्ट्यांना सांगून ठेवलंय: ठरल्या वेळेनंतर २० मिनिटं. मग गाडी निघते, माल दुसऱ्या दिवशी. दोन पार्ट्या रागावून गेल्या. एक परत आली.

दुसरं, जे आधी उतरायचं ते शेवटी चढतं. हे हमालालाही कळतं, पण घाईत विसरलं जातं. म्हणून भरण्याचा क्रम चलनाबरोबर कागदावर लिहून देतो.

तिसरं, तातडीचा माल. "अर्जंट आहे" असं प्रत्येकजण म्हणतो. आम्ही आता तीन प्रश्न विचारतो: कधीपर्यंत हवं, उशीर झाला तर काय बिघडेल आणि तिथे घ्यायला कोण असेल. खरंच तातडीचं असेल तर वेगळी गाडी, मध्ये एकही थांबा नाही आणि भाडं जास्त. जमत नसेल तर तोंडावर नाही म्हणतो. गाडी जोरात हाणून फारसा वेळ वाचत नाही. वेळ वाचतो तो मधले थांबे काढल्याने.

कागदांचंही तेच. ५० हजारांच्या वर किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं. कारखान्यापासून आमच्या गोडाऊनपर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत असेल तर टेम्पोचा नंबर भरावा लागत नाही. पण रात्रीच्या गाडीत माल चढला की तिचा नंबर भरायलाच हवा. १ जानेवारी २०२१ पासून बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. जीएसटी आल्यावर कराच्या नाक्यावरचा वेळ वाचला हे खरं, पण पत्रादेवी आमच्यापासून जवळ आहे आणि नंबर न बदललेली गाडी सीमेपलीकडे पकडली गेली की सगळ्यांचाच माल अडकतो.

शेवटचं, माणसांचं. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तो दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. दिवसभर उचल करून आलेल्या चालकाला आम्ही पूर्वी रात्री आंबोली घाटात पाठवायचो. आता पाठवत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की कितीही आखणी केली तरी ती तिथेच थांबते. अशा वेळी ताजा माणूस शांत बसतो, थकलेला माणूस वाट काढायला जातो.

चतुर्थीचे दिवस आमची परीक्षाच. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर महाराष्ट्रात जड वाहनांना बंदी असते. दूध, औषधं, भाजी यांना सूट मिळते. म्हापशात माटोळीच्या बाजाराची गर्दी, घरोघरी मुंबईकर आलेले. म्हणून त्या आठवड्यात म्हापशाची उचल सकाळी नऊच्या आत आटोपतो आणि जड माल आठ दिवस आधीच रवाना करतो. गणपतीच्या आदल्या दिवशी सर्व चालक संध्याकाळी पाचला घरी असतात. आरतीला उशीर होता कामा नये, हीसुद्धा आमच्या दृष्टीने ठरलेली वेळच आहे.

आपणा सर्वांकडे एकच मागणं आहे. आपल्यापैकी कुणी कारखान्यात असेल, कुणाचं दुकान असेल. माल तयार नसेल तर गाडी दारात यायच्या आधी फोन करा. दारात थांबलेल्या त्या टेम्पोत, पोत्यांच्या मागे, दुसऱ्या कुणाची तरी पेटी असते.