आधी वीज, मग रोषणाई



आज मी कवितेविषयी बोलणार नाही. माझ्या धाकट्या मुलीने घरी जोडलेल्या कॉम्प्युटरविषयी बोलणार आहे. तोही साधासुधा नव्हे. खास खेळ खेळण्यासाठी केलेला.

गोष्ट २०२४च्या उन्हाळ्यातली. शिकवण्यांचे पैसे आणि दरवर्षीची ईदी मिळून तिने ७५,००० रुपये साठवले होते. एका रात्री जेवताना म्हणाली, "अब्बा, मला कॉम्प्युटर करायचाय. विकत आणायचा नाही, सुटे भाग आणून जोडायचाय."

मी बी.ए. झालेला, मराठीचा माणूस. खेळासाठी एवढा पैसा, हे काही माझ्या पचनी पडेना. म्हटले, "तयार घे. बिघडला तर दुकानदाराला धरता तरी येईल." ती म्हणाली, "तयार डब्यात आत काय घातलंय ते कुठं दिसतं?" आणि एक कोरी वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मी सांगते, तुम्ही हिशेब लिहा."

माझा समज असा, की सगळ्यांत महाग प्रोसेसर घेतला की झाले. तिने सुरुवात केली उलट्या टोकाकडून, मॉनिटरपासून. पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून अधिक. खेळ चालू असताना हे सगळे ठिपके सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने रंगवायचे. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून पैशाचा मोठा वाटा त्याला. तिने आरटीएक्स ४०६० हे कार्ड ठरवले. पडदा याहून बारीक ठिपक्यांचा घेतला असता, तर कार्डही चढ्या भावाचे लागले असते. आधी पडदा का, ते मला तेव्हा कळले.

मग प्रोसेसर. खेळातली माणसे कुठे वळली, चेंडू कुठे आदळला, हा हिशेब त्याचा. तो मंद असेल तर भारी कार्ड नुसते वाट पाहत बसते. गायक तयारीचा आणि तबलजी सुस्त, अशी गत. तिने इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ निवडला. मदरबोर्ड त्याच्याच खाचेचा हवा, १,७०० टोकांचा. रॅमचेही तसेच. डीडीआर-फोरची पट्टी डीडीआर-फाइव्हच्या खाचेत बसतच नाही. सोळा जीबी घ्यायची तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, म्हणजे दोन वाटांनी माहिती धावते. शिवाय एक टेराबाइटची एसएसडी. वहीचे पान भरले.

महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही मिरजेहून मुंबई गाठली आणि ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड धरला. दुकानदाराने एक कॅबिनेट दाखवले. पुढे काच, आत इंद्रधनुष्यी दिवे फिरताहेत. खरे सांगतो, मीच भुललो. पण हिशेबात ते बसेना. दुकानदार म्हणाला, "एसएमपीएस साधा टाकू. वॉट तेवढेच. खेळाच्या वेगात काडीचा फरक नाही." वेगाबद्दलचे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी मुलीला म्हटले, "घे की. छान दिसतंय."

तिने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "अब्बा, २०११ विसरलात?"

श्रोतेहो, विसरलो नव्हतो. त्या वर्षी आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा स्वस्तातला एसएमपीएस एका संध्याकाळी जळाला. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून प्रत्येक भागाला पुरवायची, एवढेच त्याचे काम. जाताना तो हार्ड डिस्क घेऊन गेला. तिच्यात माझ्या चाळीसेक कविता होत्या. दुसरी प्रत नव्हती. काही आठवून लिहिल्या, बाकीच्या गेल्या. तेव्हा ही आठ वर्षांची. मला वाटायचे, तिला काय कळले असेल!

तिने दिव्यांचे कॅबिनेट परत केले. साधे काळे, पण हवा नीट खेळेल असे घेतले. एसएमपीएसचा हिशेब तिच्याकडे तयार होता. प्रोसेसर ऐन भरात ११७ वॉट घेतो, कार्ड ११५. बाकी सगळे धरून तीनशेच्या आसपास. म्हणून ५५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा. त्यावर '८० प्लस ब्राँझ' असा शिक्का होता. मला वाटले, झाली खात्री. ती म्हणाली, "हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतला माल कसा आहे ते कळायला चाचण्या वाचाव्या लागतात. आणि वॉरंटी किती वर्षांची, ते बघावं लागतं."

घरी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. प्रत्येक भाग हाती घेण्याआधी ती कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावी; अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. शेवटची, मॉनिटरची वायर तिने मला लावायला दिली. बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच. ७५,००० रुपये माझ्या डोळ्यांपुढून सरकले. तिने मागे वाकून पाहिले आणि हसली. मी वायर मदरबोर्डला लावली होती. १२४००एफमध्ये चित्र काढण्याची सोय नसते. वायर कार्डालाच लावावी लागते. जागा बदलली आणि पडदा उजळला.

ही यादी आज कोणी जशीच्या तशी उतरवू नये. नवे भाग येत राहतात आणि २०२५च्या अखेरीस तर रॅमचे भाव भलतेच चढले. पण निवडीचा क्रम टिकतो. आधी पडदा, मग कार्ड, त्याला साजेसा प्रोसेसर. एसएमपीएसमध्ये काटकसर नाही. आणि दिवे सगळ्यांत शेवटी.

रात्री ती त्यावर खेळते. सकाळी मी कविता टाइप करतो. उठताना त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची, असा तिचा दंडक आहे. मी म्हटले, "एवढा चांगला एसएमपीएस घेतलाय ना?" ती म्हणाली, "घेतलाय. तरी प्रत काढायची."

मी काढतो.