आधी नकाशा, मग कुदळ
(भक्तनिवासाच्या नियोजित बांधकामानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार झाला. आता भक्तनिवासाचा पाया कधी खणणार, हा प्रश्न पारावर रोज निघतो. देणगी दिलेल्यांनी तो विचारणे रास्तच आहे.

डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लूब्यर्ग यांनी धरणे, रेल्वे, इमारती अशा 16 हजारांहून अधिक कामांचे हिशेब गोळा केले. ठरल्या खर्चात आणि ठरल्या मुदतीत पुरी झालेली कामे निघाली शेकडा साडेआठ! आणि ही सगळी जाणत्या इंजिनिअरांची कामे बरे का.

ऑस्ट्रेलियात सिडनीचे प्रसिद्ध संगीतनाट्यगृह आहे. 1959 साली त्याचे काम सुरू झाले, तेव्हा वरचे शिंपल्यासारखे छत कसे उभे करायचे हेच ठरले नव्हते. सरकारला घाई होती. पुढे छताचा भार पेलेना म्हणून उभे केलेले खांब पाडून नवे घालावे लागले. 70 लाख डॉलरांचे काम 1973 मध्ये पुरे होईतो 10 कोटी 20 लाखांवर गेले.

स्पेनमध्ये बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय तितकेच वळणावळणाचे. पण फ्रँक गेरी यांनी आधी प्रतिकृतींवर व संगणकावर ते पुन्हापुन्हा करून पाहिले. 1997 मध्ये ते वेळेवर, ठरल्या खर्चात उघडले.

आपला नकाशा सभामंडपात लावला आहे. उत्सवात स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनी चुलीची आणि मोरीची जागा पाहून घ्यावी. पावसाचे पाणी कुठून येते, ते शेजारच्या शेतकऱ्यांनी सांगावे. भिंत अजून कागदावरच आहे, तोवर ती फुकटात सरकते.